नाशिकच्या गच्चीवरून एका डिशवर तीन उपग्रह: एलएनबीची पट्टी तिरकीच का हवी

सिडको, इंदिरानगर किंवा पंचवटीतल्या कुठल्याही इमारतीच्या गच्चीवर गेलात तर एकेका घराच्या दोन-दोन, तीन-तीन छत्र्या दिसतात. एक फ्री डिशची, एक पैसे भरून चालणाऱ्या सेवेची, एखादी बंद पडलेली. सगळ्यांची तोंडं कमी-अधिक फरकाने आग्नेयेला. इतक्या छत्र्यांची गरज नसते. ९३.५ अंश पूर्व रेखांशावरचा जीसॅट-१५ (दूरदर्शनची फ्री डिश), ८८ अंशांवरचा एसटी-२ (डी२एच) आणि ८३ अंशांवरचा जीसॅट-२४ (टाटा प्ले) हे तिन्ही ९० सेंटिमीटरच्या एका डिशवर नीट बसतात. एअरटेलचा १०८.२ अंशांवरचा एसईएस-७ मात्र यात ओढू नका. फ्री डिशच्या जागेपासून तो आकाशात जवळपास १७ अंश लांब आहे, त्याला वेगळी डिश लागते.

हे काम फसतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. एलएनबी (डिशसमोरच्या दांडीवरचा, उपग्रहाचा सिग्नल पकडणारा भाग) ज्या पट्टीवर बसतात ती पाणसळ लावून अगदी आडवी बसवलेली असते. मधला उपग्रह मिळतो, बाजूचे मिळत नाहीत, आणि दोष एलएनबीला दिला जातो. नाशिकमधून हे तीन उपग्रह आकाशात आडव्या रांगेत नाहीत, चढत्या रेषेत आहेत. पट्टीही तेवढीच तिरकी हवी.

आधी कोन

नाशिक साधारण २०.० अंश उत्तर अक्षांश आणि ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. तिथून काढलेले कोन असे. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजली आहे, उंची क्षितिजापासून. पीळ म्हणजे एलएनबी स्वतःभोवती जेवढा फिरवायचा तो कोन.

९३.५ पूर्व: दिशा १३३.७, उंची ५७.६, एलएनबीचा पीळ ४३ अंश
८८ पूर्व: दिशा १४३.५, उंची ६१.५, पीळ ३४ अंश
८३ पूर्व: दिशा १५४.७, उंची ६४.३, पीळ २४ अंश

सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या वाचकांनाही हेच आकडे चालतील, फरक अर्ध्या अंशाच्या आसपास पडेल. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे इतका कमी आहे की तो सोडून द्या. होकायंत्र चुकतं ते वेगळ्या कारणाने: स्लॅबमधल्या सळया, पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड आणि खुद्द डिशचा पाइप. मोबाइलमधलं होकायंत्र तर गच्चीवर दोन पावलं सरकलं की दहा अंश फिरतं. त्यापेक्षा सावली भरवशाची. नाशिकला सूर्य माथ्यावरच्या रेषेत येण्याची वेळ वर्षभरात १२ वाजून १८ मिनिटं ते १२ वाजून ४९ मिनिटं यांच्या दरम्यान सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सर्वांत लवकर, फेब्रुवारीच्या मध्याला सर्वांत उशिरा. त्या दिवशीची नेमकी वेळ पंचांगातल्या किंवा हवामानाच्या ॲपमधल्या सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या बरोबर मध्यावर येते. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली फरशीवर खडूने आखा. ती उत्तर-दक्षिण रेषा, तिच्यावरून कोनमापक लावा. मेच्या २०-२१ तारखेच्या आसपास मात्र ही युक्ती विसरा, सूर्य थेट डोक्यावर असतो आणि सावलीच पडत नाही.

उंचीचे कोन पाहिलेत तर लक्षात येईल की पांडवलेणीचा डोंगर किंवा लांबचे टॉवर आडवे येत नाहीत. आड येते ती शेजारची इमारत, गच्चीवरची टाकी आणि आंबा-गुलमोहर. ढोबळ हिशोब: डिशपेक्षा १० मीटर उंच भिंत आग्नेयेला असेल तर ती किमान साडेसहा मीटर लांब हवी. झाडाचा अंदाज घेताना आणखी दोन पावसाळ्यांची वाढ धरा. ओल्या पानांतून केयू बँडचा (या डिश सेवा ज्या फ्रिक्वेन्सींवर चालतात त्या पट्ट्याचा) सिग्नल जवळजवळ येतच नाही, त्यामुळे उन्हाळ्यात फांदीच्या कडेने चाललेली डिश जुलैत बंद पडते.

सामान

डिश ऑफसेट प्रकारची (एलएनबीची दांडी खालच्या कडेकडून निघते ती), ९० सेंटिमीटरची, जाड पत्र्याची. ६० सेंटिमीटरच्या डिशवर तीन एलएनबी बसवू नयेत, आणि त्याचं कारण सिग्नलपेक्षा जागेचं आहे. ६० च्या डिशवर एलएनबीपासून डिशच्या मध्यापर्यंत साधारण ४० सेंटिमीटर असतात, म्हणून शेजारच्या दोन उपग्रहांच्या एलएनबींच्या मध्यांत जेमतेम ५ सेंटिमीटर उरतात. साध्या एलएनबीचं तोंडच सुमारे ६ सेंटिमीटरचं, ते एकमेकांवर आदळतात. ९० च्या डिशवर हेच अंतर ७ ते साडेसात सेंटिमीटर होतं. शिवाय ९० ची डिश ६० पेक्षा साडेतीन डेसिबल जास्त सिग्नल गोळा करते. बाजूला सरकवलेल्या एलएनबीचं जे थोडं नुकसान होतं ते त्यातून भरून निघतं आणि पावसासाठी शिल्लकही उरते.

विकत घेताना डिशचा उंचीचा ब्रॅकेट हातात घेऊन हलवून बघा. त्याची खाच ६५ अंशांपर्यंत गेली पाहिजे. काही ब्रॅकेट ५५-६० लाच अडकतात. ते उत्तरेकडच्या देशांसाठी बनलेले असतात, तिथे उपग्रह क्षितिजाजवळ असतात.

९३.५ साठी एक युनिव्हर्सल एलएनबी घ्या, लोकल ऑसिलेटर (सिग्नलची फ्रिक्वेन्सी खाली उतरवण्यासाठी एलएनबी वापरतो ती ठरलेली फ्रिक्वेन्सी) ९७५० आणि १०६०० मेगाहर्ट्झ. ८८ आणि ८३ साठी त्या-त्या कंपनीने बॉक्सबरोबर दिलेलाच एलएनबी वापरा, बॉक्स त्याच्याशी जुळवलेला असतो. एकाच सेवेचे घरात दोन बॉक्स असतील तर दोन तोंडांचा, म्हणजे केबल जोडायच्या दोन जागा असलेला, एलएनबी लागेल. एका तोंडावर स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालवायला जाऊ नका. लावलेल्या चॅनलनुसार एक बॉक्स १३ व्होल्ट मागतो, दुसरा १८, आणि निम्मे चॅनल आळीपाळीने गायब होतात.

तीन एलएनबी धरणारी पट्टी तयार मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर २५ बाय ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी आणि तीन प्लास्टिक क्लॅम्प पुरतात. सातपूर-अंबडच्या बाजूला फॅब्रिकेशनवाल्याकडे ही पट्टी अर्ध्या तासात होते. भोकं गोल न पाडता लांबट खाचा पाडून घ्या, कारण प्रत्येक एलएनबी एक-दीड सेंटिमीटर इकडे-तिकडे सरकवता आला नाही तर पुढचं सगळं काम अडतं. पट्टी मधल्या क्लॅम्पभोवती फिरवून कसता येईल असाच जोड करा.

पाइप दीड इंची जीआय, जाड भिंतीचा. केबल आरजी-६, आतली तार पूर्ण तांब्याची. स्वस्त केबलमध्ये लोखंडी तारेवर तांब्याचा मुलामा असतो. टोक किसलं की करडा रंग दिसतो, चुंबक चिकटतो. लहान अंतरात ती चालून जाते, पण पंचवीस-तीस मीटरवर तिच्यात व्होल्टेज पडतं आणि १८ व्होल्टवरचे चॅनल आधी जातात. एफ कनेक्टर दाबून बसवायचे घ्या, पिळून बसवायचे नकोत.

पाया: स्लॅबला भोक पाडू नका

नाशिकमधल्या बहुतेक गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा असतो. त्यातून अँकर बोल्ट मारला की वॉटरप्रूफिंग फुटतं, आणि वरच्या मजल्याच्या छताला पुढच्या पावसाळ्यात ओल येते. कठडा चार इंची विटांचा असेल तर तोही ९० च्या डिशसाठी कमजोर. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात या डिशवर सुमारे ३५ किलोचा रेटा बसतो, तोही कधी पुढून, कधी मागून. विटांचे सांधे अशाने सैल होतात.

त्यापेक्षा ७५ बाय ७५ सेंटिमीटरची अँगलची चौकट करा, मधोमध पाइप उभा वेल्ड करा, चार बाजूंनी तिरके आधार द्या आणि चौकटीवर चार इंची सॉलिड ब्लॉक ठेवा. एक ब्लॉक १६ ते १८ किलोचा, सहा ब्लॉक म्हणजे शंभर किलो. डिशचा मध्य गच्चीपासून ८० सेंटिमीटरच्या वर नेऊ नका. उंची वाढली की उलटण्याचा जोर त्याच प्रमाणात वाढतो आणि वजन पुरत नाही. चौकटीखाली जुन्या टायरट्यूबचे तुकडे घाला, कोब्याला चरे पडत नाहीत आणि पाणी वाहून जायला जागा राहते. वारा फार असलेल्या मोकळ्या जागी, म्हणजे मळ्यातल्या घराच्या गच्चीवर वगैरे, द्राक्षाच्या मांडवाची जीआय तार आपल्याकडे घरोघरी असते. तिचे तीन ताण दिले की प्रश्न मिटतो.

पाइप उभा म्हणजे खरोखर उभा हवा. ओळंबा दोन बाजूंनी लावा, एकदा पूर्वेकडून, एकदा दक्षिणेकडून. पाइप दोन अंश झुकला असेल तर डिश फिरवताना तिची उंचीही बदलत जाते, मग ब्रॅकेटवरचे आकडे खोटे पडतात आणि तुम्ही अंधारात चाचपडता. या पायरीला दहा मिनिटं जास्त लागली तर लागू द्या.

मध्यावर ८८ आणायचा

तिघांतला मधला उपग्रह ८८ चा, म्हणून डिशचं तोंड त्याच्याकडे. फ्री डिशचा सिग्नल भारतभर जोरकस आहे, त्याला बाजूची जागा चालते. ९३.५ मध्यावर घेतला तर ८३ बारा अंशांवर जातो आणि पावसात सगळ्यांत आधी तोच पडतो.

मधल्या क्लॅम्पमध्ये ८८ चा एलएनबी बसवा, ३४ अंश पीळ द्या. पीळ कोणत्या बाजूला, यात नेहमी गोंधळ होतो. डिशच्या मागे उभे राहा, तोंड आग्नेयेला. असं उभं राहून एलएनबी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचा, म्हणजे त्याचा माथा तुमच्या डाव्या हाताकडे झुकतो. डिशच्या पुढे उभं राहून पाहिलं तर हाच पीळ काट्यांच्या दिशेने दिसेल. आपल्या पूर्वेकडच्या सगळ्या उपग्रहांना हाच नियम. कोन हा सुरुवातीचा अंदाज धरा, शेवट बॉक्सच्या स्क्रीनवरच्या क्वालिटीच्या आकड्यावरच ठरतो.

ब्रॅकेटवर उंची ६१.५ ठेवा. डिश पाहून घाबरू नका, ऑफसेट डिशचा चेहरा दिसायला बराच उभा असतो. वीस-पंचवीस अंशांचा फरक तिच्या आकारातच असतो आणि ब्रॅकेटच्या पट्टीत तो धरलेला असतो.

आता दिशा. दीड इंची पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे ४८ मिलिमीटर. त्याच्या घेरावर एक अंश म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. डोळ्याने हे दिसत नाही, आणि म्हणूनच डिश ‘थोडीशी’ फिरवणारा माणूस दर वेळी उपग्रह ओलांडून पुढे जातो. पाइपवर कागदी चिकटपट्टी गुंडाळा, तिच्यावर बारीक पेनने मिलिमीटरच्या खुणा करा, आणि ब्रॅकेटच्या कडेवर एक रेघ. एक मिलिमीटर म्हणजे जवळपास अडीच अंश. बोल्ट इतपतच सैल ठेवा की डिश हाताने ढकलली तर सरकेल, पण वाऱ्याने हलणार नाही. अर्धा मिलिमीटर सरकवा, हात काढा, तीन सेकंद थांबा, स्क्रीन बघा. बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो, घाई केली तर बरोबर जागेवरून पुढे जाल.

स्क्रीनवर दोन आकडे दिसतात. स्ट्रेंथ म्हणजे एलएनबीला वीज पोचली आणि काहीतरी गोंगाट येतोय, एवढंच. डिश आभाळाकडे उलटी धरली तरी स्ट्रेंथ साठ दाखवते. कामाचा आकडा क्वालिटी. सुई आणि पीं-पीं आवाजवाल्या स्वस्त फाइंडरचाही (सिग्नल शोधायच्या छोट्या यंत्राचाही) हाच दोष, तो कोणत्याही उपग्रहावर वाजतो. ८८ साठी डी२एचच्या बॉक्सचा सिग्नलचा पडदा वापरा. तो बॉक्स हाताशी नसेल तर डीव्हीबी-एस२ (नव्या पद्धतीचा उपग्रह सिग्नल) घेणारा साधा फ्री टू एअर (फुकट चॅनलांचा) बॉक्सही चालतो. चॅनल कुलूपबंद असल्याने चित्र येणार नाही, पण क्वालिटी दिसते आणि स्कॅनमध्ये नेटवर्कचं नाव येतं. फक्त एमपेग-२ वाला जुना बॉक्स असेल तर तो एस२ सिग्नल ओळखतच नाही, त्याच्यासमोर तासभर डिश फिरवणं व्यर्थ.

क्वालिटी जास्तीत जास्त आली की आधी उंची, मग दिशा, मग पीळ आणि शेवटी एलएनबी क्लॅम्पमध्ये आत-बाहेर, असं क्रमाने बारीक करा. आत-बाहेर पाच-पाच मिलिमीटरनेच. बोल्ट आळीपाळीने कसा, एकच पूर्ण कसला तर डिश त्याच्या बाजूला ओढली जाते.

तिरकी पट्टी

इथे खरं काम आहे. डिश हा आरसा आहे. आकाशात जो उपग्रह उजवीकडे, त्याचा एलएनबी डावीकडे, आणि जो वर, त्याचा खाली. आग्नेयेला तोंड करून डिशच्या मागे उभे असाल तर ९३.५ हा ८८ च्या डावीकडे आणि चार अंश खाली आहे. म्हणून त्याचा एलएनबी उजवीकडे आणि वर जातो. ८३ हा ८८ च्या उजवीकडे आणि पावणेतीन अंश वर आहे, त्याचा एलएनबी डावीकडे आणि खाली.

९० सेंटिमीटरच्या डिशवर, एलएनबीपासून डिशच्या मध्यापर्यंत सुमारे ६० सेंटिमीटर असतील तर, सुरुवातीची मापं अशी घ्या. ९३.५ चा एलएनबी मधल्याच्या उजवीकडे ६ सेंटिमीटर आणि वर साडेचार ते पाच. ८३ चा डावीकडे ६ आणि खाली तीन ते साडेतीन. म्हणजे पट्टीचा उजवा भाग सुमारे ३८ अंशांनी वर चढतो आणि डावा २९ अंशांनी खाली उतरतो. सरळ पट्टी असेल तर सरासरी ३३-३४ अंशांवर कसा, उरलेला फरक क्लॅम्पच्या खाचांतून काढा. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेत असाल तर पट्टीला मध्यावर नऊ अंशांची हलकी घडी देऊनच घ्या.

परदेशी व्हिडिओत पट्टी जवळजवळ आडवी दिसते, कारण तिथून दक्षिणेजवळचे उपग्रह घेतलेले असतात आणि त्या भागात उपग्रहांच्या रांगेची कमान सपाट असते. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, कमान डोक्याजवळून जाते आणि आग्नेयेला झपाट्याने उतरते. नाशिकला पट्टी आडवी ठेवली तर ९३.५ चा एलएनबी खऱ्या जागेच्या चार-पाच सेंटिमीटर खाली राहतो. तिथे काहीही सापडणार नाही, कितीही डावी-उजवी केली तरी.

डिश आता हलवायची नाही. फ्री डिशचा बॉक्स ९३.५ च्या एलएनबीला जोडा, एलएनबी हातात धरूनच मोजलेल्या जागेभोवती हळूहळू फिरवा, त्याचं तोंड डिशच्या मध्याकडे ठेवून. पीळ ४३ अंश. क्वालिटी आली की क्लॅम्प कसा. ८३ चा पीळ २४ अंश, तीच पद्धत. बाजूच्या एलएनबीची क्वालिटी मधल्यापेक्षा थोडी कमी असणारच. मधल्याला त्रास देऊन बाजूचा सुधारायला जाऊ नका.

९३.५ शोधताना एक सापळा आहे. ९५ अंशांवर एसईएस-८ आहे, डिश टीव्हीचा. दोघांत आकाशात पावणेदोन अंशांचंच अंतर, एलएनबीच्या जागी दोन सेंटिमीटर. तुम्ही एलएनबी उजवीकडून आत आणत असाल तर आधी ९५ लागतो, आणि फाइंडर वाजला म्हणून तिथेच कसला जातो. स्कॅन करा, दूरदर्शनचे चॅनल, डीडी सह्याद्री दिसलं तरच जागा बरोबर. काही जण ६० च्या डिशवर ९३.५ आणि ९५ एकाच एलएनबीत घेतात. ते शक्य आहे, कारण ६० च्या डिशचा झोत सुमारे तीन अंश रुंद असतो. पण ज्या फ्रिक्वेन्सी दोघांकडे सारख्या आहेत त्या एकमेकींत मिसळतात आणि ते चॅनल कायमचे तुटक येतात. आम्ही ते सुचवत नाही.

केबल, कनेक्टर, स्विच

कंपनीच्या बॉक्सची केबल थेट त्याच्या एलएनबीला. मध्ये कोणताही स्विच नको, बहुतेक बॉक्स डायसेकचा (कोणता एलएनबी निवडायचा हे स्विचला सांगणारा) हुकूम देतच नाहीत. फ्री टू एअर बॉक्सला मात्र चार तोंडांचा डायसेक स्विच लावा: १ वर ९३.५ चा केयू, बाकीची तोंडं पुढे सी बँडसाठी (मोठ्या डिशवर येणारा दुसरा फ्रिक्वेन्सी पट्टा, खाली पाहा) राखीव. बॉक्सच्या मेनूत प्रत्येक उपग्रहासमोर तोंडाचा क्रमांक आणि एलएनबीचा प्रकार द्यावा लागतो. केयूला ९७५०/१०६००, सी बँडला ५१५०. क्रमांक चुकला तर स्ट्रेंथ दिसते पण क्वालिटी शून्य राहते, आणि लोक डिश फिरवायला गच्चीवर धावतात.

कनेक्टर बसवताना जाळीची एक तार जरी मधल्या तारेला टेकली तरी शॉर्ट. बॉक्स लगेच एलएनबी शॉर्ट दाखवतो किंवा बंद पडतो. जाळी पूर्ण मागे वळवा, फॉइल कापा, पांढरा फोम कनेक्टरच्या तळाशी बरोबर समतल आला पाहिजे आणि तार ओठाबाहेर दोन ते तीन मिलिमीटर. जास्त लांब ठेवली तर ती आतल्या स्प्रिंगला वाकवते. केबल लावताना-काढताना बॉक्सचा प्लग काढलेला असू द्या, हे दर वेळी.

एलएनबीच्या खाली केबलला खालच्या बाजूने एक वळसा द्या, पाणी तिथून टपकतं, कनेक्टरात शिरत नाही. कनेक्टरवर आधी स्वतःत चिकटणारा रबरी टेप ताणून गुंडाळा, त्यावर साधा काळा टेप. नुसता काळा टेप एका उन्हाळ्यात सुटतो. डायसेक स्विच डिशच्या मागे, तोंडं खाली करून. टोपी लावलेली असली तरी तो वर तोंड करून ठेवला की पहिल्या मोठ्या पावसात गेलाच म्हणून समजा.

अर्थिंग टाळू नका. मान्सूनपूर्व मेमधल्या वळवाच्या पावसात विजा जास्त असतात, आणि गच्चीवरचा लोखंडी पाइप हा आजूबाजूचा सर्वांत उंच धातू असू शकतो. पाइपपासून इमारतीच्या अर्थिंगपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, शक्य तितकी सरळ, वळणं न देता. यामुळे थेट वीज पडण्यापासून टीव्ही वाचेलच असं नाही, पण चढलेला विद्युतभार उतरत राहतो. गडगडाट सुरू झाला की बॉक्सचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा. नुसता प्लग काढून उपयोग नाही.

सी बँड जोडायचा असेल तर

८३ अंशांवरच जीसॅट-३० हा सी बँडचाही उपग्रह आहे (१७ जानेवारी २०२० रोजी फ्रेंच गयानाहून सोडलेला). त्यासाठी सहा फुटी डिश लागते, आणि जाळीची घ्या. ६४ अंश उंचीला ठेवलेली पत्र्याची डिश जवळजवळ ताटासारखी आकाशाकडे बघते, पाणी आणि पाचोळा तिच्यात साठतो. तशी डिश आधीच असेल तर सर्वांत खालच्या बिंदूला आठ मिलिमीटरचं भोक पाडा, सिग्नलवर काही परिणाम होत नाही.

नाशिक शहरात सी बँडची खरी अडचण फाइव्हजी आहे. २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ मोबाइलला गेले, आणि साधा सी बँड एलएनबी ३४०० पासून सगळं आत घेतो. जवळच टॉवर असेल तर एलएनबी त्या जोराने भरून जातो आणि सगळ्याच फ्रिक्वेन्सींवर क्वालिटी शून्य होते. डिशचा कोन बिघडलेला नसतो. ३७०० ते ४२०० एवढंच आत घेणारा फाइव्हजी फिल्टरचा एलएनबी लावा, आणि डिश अशी ठेवा की टॉवर आणि तिच्यामध्ये जिन्याची खोली किंवा टाकी येईल.

पावसाळा आणि त्यानंतर

जोरदार सरीत केयू बँड काही मिनिटं जाणारच, इगतपुरी-त्र्यंबककडे जास्त वेळा. पाऊस थांबल्यावरही तासभर सिग्नल येत नसेल तर दोष पावसाचा नाही, कुठेतरी पाणी शिरलं आहे. आधी एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी बघा. दोन-तीन उन्हाळ्यांत ती ठिसूळ होऊन तडकते. तडा गेला की पाणी जातं, टोपीच निघाली तर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते, आणि सिग्नल असा काही हळूहळू कमी होतो की महिनाभर कारण कळत नाही. नवी टोपी नसेल तर पातळ प्लास्टिकचा डबा कापून तात्पुरती बसवा. धातूची फॉइल असलेलं काही नको.

कबुतरं एलएनबीच्या दांडीवर बसतात, तीन एलएनबींचं वजन आधीच पुढे असतं. दांडी वाकून अर्धा सेंटिमीटर खाली आली तरी तिन्ही उपग्रह एकदम कमी होतात. तिन्ही एकदम कमी झाले की दांडी किंवा पाइप बघायचा, एकच कमी झाला तर तो एलएनबी किंवा त्याचा कनेक्टर. डिश फिरवायला हात घालण्याआधी चिकटपट्टीवरच्या खुणेशी रेघ जुळते का ते पाहा.

वर्षातून दोनदा, मार्चच्या ११-१२ तारखेच्या आणि ऑक्टोबरच्या १-२ तारखेच्या आसपास, सूर्य काही दिवस रोज थोडा वेळ उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि काही मिनिटं चित्र फुटतं. ९३.५ ला मार्चमध्ये हे सव्वाअकराच्या सुमारास होतं, ८८ ला अकरा चाळीसच्या आसपास, ८३ ला बाराच्या सुमारास. ऑक्टोबरमध्ये सगळं वीस मिनिटं आधी. हा बिघाड नाही, काहीच करायचं नसतं. उलट नवी डिश बसवणाऱ्यांनी हे दिवस हेरून ठेवावेत: त्या वेळी गच्चीवर ज्या जागी ऊन पडलेलं असेल तिथून तो उपग्रह दिसतो, आणि जिथे टाकीची किंवा झाडाची सावली असेल तिथून दिसत नाही. चौकट ठेवायची जागा खडूने तेव्हाच आखून घ्या.